हिरवी साय

आमच्या घरी उन्हाळ्यातलं थंड गोड म्हणजे आंब्याचा रस, तोही रांजणाशेजारच्या ओल्या वाळूत ठेवून जेवढा गार होईल तेवढाच. त्यापलीकडे जायची कुणाला गरज वाटली नव्हती. त्यामुळे धाकटी जाऊ रंगूनहून आली आणि दुधाच्या सायीत हिरवा चहा घालायचा बेत तिने जाहीर केला, तेव्हा कारंज्याच्या आमच्या स्वयंपाकघरात सगळ्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली. सासूबाईंनी पातेल्यात डोकावून विचारलं, "शेवाळ काहून टाकून राह्यली वं दुधात?"

"शेवाळ नाई आत्याबाई, चहा हाय. खाऊन तं पाहा."

"तूच खाय. मले अजून जगाचं हाय."

जाऊ खदखदून हसली. तिचं हसणं फार मोठं होतं, सुनेला न शोभणारं, असं सासूबाई म्हणायच्या. मला मात्र ते हसणं ऐकलं की घरात कुणीतरी खिडकी उघडली असं वाटायचं. आम्हा दोघींत सहा-सात वर्षांचं अंतर असेल. पण ती माझ्याशी बरोबरीने बोलायची आणि मीही तिला बोलू द्यायची.

माझा दीर मॅट्रिक झाल्यावर ओळखीच्या कुणाचा तरी हात धरून रंगूनला गेला आणि तिथे रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून झाला. लग्न धनजच्या मुलीशी झालं, आणि ज्या पोरीने मूर्तिजापूरच्या पलीकडचं काही पाहिलं नव्हतं ती आगबोटीत बसून समुद्रापार गेली. तिथे चाळीत तिच्या एका बाजूला चिनी बाई राहायची, दुसऱ्या बाजूला एक गोरटेली मडमीण. चिनी बाई दिवसभर हिरवा चहा प्यायची, ना दूध ना साखर. मडमीण दूध आटवून, त्यात साय घोटून, बर्फावर गोठवून खायची. आमच्या या पोरीने दोघींचं पाहिलं आणि एकीचं दुसरीत घातलं. कुणी शिकवलं नव्हतं. तिची तीच शिकली.

भावाच्या लग्नासाठी ती धनजला माहेरी आली होती आणि मग काही दिवस आमच्याकडे राहिली, तेव्हाची ही गोष्ट. चहाची पत्ती तिने खलात कुटली, मलमलीच्या फडक्यातून चाळून वस्त्रगाळ केली. म्हशीचं दूध निम्मं आटवलं. दाटपणा यावा म्हणून थोड्या थंड दुधात तवकिलाचं पीठ कालवून ती धार वरून सोडली, आणि दूध पळीला चिकटायला लागलं तसं खाली उतरवलं. साखर घातली. कोमट झाल्यावर हिरवी पूड चमचाभर दुधात विरघळवून आत ढवळली, मग चार दिवसांची साठवलेली साय रवीने हलकी करून त्यात मिसळली. स्टेशनाजवळच्या सरबतवाल्याकडे उन्हाळ्यात गाडीने बर्फ येई, भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेला. तो तिने माझ्या नवऱ्याकडून आणवला. पितळी डबा कणकेने लिंपून बंद केला, बादलीत बर्फ आणि खडेमीठ भरून त्यात खोचला, वरून गोणपाट. दुपारी उघडला तेव्हा आत फिकट हिरवी साय घट्ट धरली होती. पहिल्या घासाला जिभेवर थोडं कडसर आलं, मग दूध, मग इतकं गार की दात शिवशिवले. मी डबा बोटाने पुसून खाल्ला. सासूबाईंनी हातही लावला नाही.

परत जाताना तिने उरलेल्या पत्तीचा डबा माझ्या फळीवर ठेवला. "पुढच्या खेपेले करू," म्हणाली.

पुढची खेप आली नाही. रंगूनवर बॉम्ब पडले आणि तिकडची आपली माणसं डोंगर-जंगलातून चालत इकडे यायला निघाली. बाजारात रोज नवी बातमी यायची, एकीला दुसरीचा मेळ नसायचा. ऐन पावसाळ्यात एका सकाळी दीर दारात उभा राहिला. एकटा. पायांना चिंध्या बांधलेल्या, गालफडं आत गेलेली, मी आधी भिकारी समजून भाकरी आणायला वळले होते. सासूबाईंनी मात्र ओळखलं. त्यांनी त्याला कवटाळलं आणि त्याच्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

पहिले काही दिवस त्याला कुणी विचारलं नाही. अंगात ताप होता, पोटात काही ठरत नव्हतं. बरा झाल्यावर माझ्या नवऱ्याने विचारलं, सासूबाईंनी विचारलं, मी विचारलं. तो भिंतीकडे बघायचा. फार रेटलं तर उठून शेतात जायचा.

तिची आई धनजहून आली. आम्ही तिला मावशी म्हणायचो. विधवा बाई, पोरगी एवढी एकच, आणि एक मुलगा, तोही लग्न झाल्यापासून बायकोच्या ओंजळीने पाणी पिणारा. ओसरीवर जावयासमोर बसून तिने सरळ विचारलं, "बाप्पा, माही लेक कोठी हाय?"

तो उठला आणि गेला. मावशी तशीच बसून राहिली. मी पाण्याचा गडवा पुढे केला, तो तिने घेतला नाही.

त्या दिवशी मला दिराचा असा राग आला की त्याचं ताट आपटावंसं वाटलं. दुःख मला समजत होतं. पण समोर आई बसली आहे. आहे म्हण नाहीतर गेली म्हण, एका शब्दाचं काम! मावशीला रडताही येत नव्हतं आणि न रडताही राहवत नव्हतं. ती दर बाजाराच्या दिवशी यायची, काहीबाही निमित्त काढून, कधी लसणाची जुडी घेऊन, कधी नुसतीच. यायची, त्याच्याकडे बघायची, जायची. कुंकवाचा विषय निघाला की म्हणायची, "माही लेक सवाष्ण हाय, तिचा मालक हा का समोर बसला." पावसाळा गेला, कापूस आला आणि गेला, थंडी संपली. त्याच्या तोंडातून शब्द आला नाही.

चैत्रात सासूबाईंनी आपला निर्णय घेतला. त्यांच्या भाच्याची एक मुलगी लग्नाची होती. पण पहिलीचं काय झालं ते ठरल्याशिवाय दुसरी आणता येत नव्हती, लोक काय म्हणतील हा एक भाग, आणि अतृप्त सवतीचा त्रास नवीला होतो हा दुसरा. म्हणून त्यांनी आखजी धरली.

आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे पितरांना पाणी देतात. घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर भरायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं, पुढे पत्रावळीवर वाढायचं, त्या माणसाला आवडत होतं ते जरूर वाढायचं. नाव घेऊन पाणी सोडायचं. उन्हाळा असतो, वर पितरं तहानलेली असतात, ते पाणी त्यांना पोचतं. आणि ज्याच्या नावाची घागर एकदा भरली ते माणूस मेलेलं. मग त्यात काही मागेपुढे उरत नाही.

"आत्याबाई, थी मेली असं कोनी म्हटलं?" मी विचारलं.

"जिती असती तं आली नसती का?" सासूबाई म्हणाल्या. "थो चालत आला, थी नाई आली. याच्याहून तुले काय सांगावं लागते?"

बोलणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. तिच्यावर माझाही विश्वास उरला नव्हता, म्हणजे ती येईल यावर. पण मावशीच्या लेकीचं मरण आम्ही कुंभाराच्या आव्यावर जाऊन विकत आणायचं, आणि ज्याने पाहिलं त्याने गप्प बसायचं, हे मला गिळवत नव्हतं. सासूबाईंनी मावशीला निरोपही धाडला होता, की आखजीला माहेरच्या माणसाने यावं, रीत आहे. मला वाटलं, त्या दिवसाच्या आत याच्या तोंडून खरं निघालं पाहिजे. मावशीने ते घागरीकडून ऐकू नये.

विचारून झालं होतं, रागावून झालं होतं. मग मला फळीवरचा डबा आठवला. आखजीच्या आदल्या दिवशी मी तो काढला. पत्ती जुनी झाली होती तरी झाकण उघडताच वास आला, वाळलेल्या गवताचा आणि थोडा समुद्राचा, असा मी समुद्र न पाहताच म्हणते. दूध आटायला ठेवलं. पण ती कशी करत होती ते सगळं माझ्या डोक्यातून गेलं होतं. आपला चहा करतो तशी मी मूठभर पत्ती उकळत्या दुधात टाकली आणि खळखळ उकळू दिली. दूध तपकिरी झालं. घरभर कडवट वाफ पसरली.

दीर ओसरीवर होता. रंगूनहून आल्यापासून त्याने स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाय घातला नव्हता. तो आत आला, चुलीपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "वयनी, उकळू नोका. कडू होते. थी कदी उकळे नाई."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. वर्ष होत आलं होतं आणि या माणसाने तिच्याबद्दल काढलेलं हे पहिलं वाक्य होतं.

"मंग कसं करे?" मी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

त्याने पातेलं उतरवलं, बाहेर नेऊन गाईच्या बादलीत ओतलं. गाईनेही तोंड फिरवलं. मग खल मागितला आणि माझ्यासमोर फतकल मारून पत्ती कुटायला बसला. कुटायचा, चाळायचा, राहिलेली पुन्हा कुटायचा. आणि बोलायला लागला. चाळीच्या जिन्यात कायम मासळीचा वास असायचा म्हणून ती नाकाला पदर लावून उतरायची. चिनी बाईशी तिची भाषा जुळत नव्हती, तरी दोघी तासन् तास बोलायच्या. संध्याकाळी ती त्याच्यासाठी धक्क्याच्या फाटकापर्यंत यायची आणि तो दिसला की मागे वळून पुढे चालायला लागायची, बरोबर आली असं दिसू नये म्हणून. सांगताना तो एकदा हसलासुद्धा. मी दुसरं दूध आटवून त्यात तवकील सोडत होते आणि मनात म्हणत होते, बोल, थांबू नको, आता पुढचं बोल.

"अन् मंग?" मी म्हटलं. "निंगाले तवा?"

त्याने पूड वाटीत काढली. फडकं झटकलं, घडी केलं. "ढवळा आता," म्हणाला आणि बाहेर गेला.

हातातोंडाशी आलेला घास गेला. पण निदान दार किलकिलं झालं होतं, आणि एवढ्यावर मी खूश झाले. रात्री सासूबाईंना म्हटलं, एवढी घागर थांबवा, तो सांगेल, आठ-पंधरा दिवसांत सांगेल. त्या म्हणाल्या, "आखजी पंधरा दिवस थांबते का वं?"

सकाळी गाडीने बर्फ आला. मी डबा लिंपला, बादलीत खोचला. सरबतवाल्याने भुसा नीट झाडला नव्हता, तो मी निवडत बसले. मिठाने हाताच्या चिरा झोंबल्या. लढाईमुळे साखर तेव्हा मिळत नव्हती, गूळ घातला तर रंग जाईल, म्हणून सणासाठी दडवून ठेवलेली सगळी साखर मी त्यात घातली होती. साय धरली तेव्हा मी बोट लावून चाखली. अगदी तिच्यासारखी झाली होती. मला तिथेच रडू आलं. चुलीच्या धुराचं नाव सांगून डोळे पुसले.

मावशी आली. नवीन लुगडं नेसली नव्हती, हातात काही नव्हतं. ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली. माझ्या नवऱ्याने माझ्या सासऱ्यांच्या नावाची मोठी घागर भरली, पाणी सोडलं. तिच्याशेजारी पाटावर एक लहान घागर होती, लाल, कोरी, गळ्याला हळदीकुंकू लावलेली. सासूबाईंनी पुढच्या पत्रावळीवर पुरणपोळी, वडे, रस वाढला आणि मला खूण केली. मी हिरव्या सायीची वाटी आणून ठेवली. जिच्या शेवाळाला त्यांनी कधी हात लावला नव्हता, तिला त्याच आता ते वाढायला लावत होत्या. माणूस गेल्यावर आपण फार लाड करतो त्याचे.

दीर आंघोळ करून आला. त्याची नजर वाटीवर गेली, मग घागरीवर.

"हे कोनाची?" त्याने विचारलं.

"बस," सासूबाई म्हणाल्या. "तुह्या हातानं पानी सोड. तिचा जीव शांत होईल अन् तुहाही." त्यांनी घागरीतलं पाणी गडव्यात ओतून त्याच्या हातात दिलं.

तो गडवा धरून उभा राहिला.

"माय," तो म्हणाला, "थी मेली नोती."

तो खाली बसला, गडवा मांडीवर, आणि पाण्याकडे बघत सांगत गेला. डोंगरातल्या वाटेवर तिला हगवण-उलटी लागली. दोन दिवस त्याने तिला पाठीवर घेतलं. मग त्याच्याच्याने होईना. एका खडकाच्या सावलीत तिला निजवलं. तिने पाणी मागितलं. तो गडवा घेऊन खाली ओढ्यावर गेला. ओढ्यात माणसं मरून पडली होती, म्हणून आणखी वर गेला. वर चांगलं पाणी मिळालं. तिथे चालणाऱ्यांचा एक जथा उतरत होता. कुणीतरी ओरडलं, पुढच्या नदीवरच्या होड्या आज शेवटच्या, मग काही नाही.

"गडवा भरलेला होता, वयनी," तो माझ्याकडे वळून म्हणाला. का कोण जाणे, माझ्याकडे. "भरलेला होता. म्या मांगं पाह्यलं. थो खडक दिसत होता. अन् मी त्या लोकाईच्या संगं चालाले लागलो."

"अन् पानी?" ओसरीच्या कोपऱ्यातून मावशीने विचारलं.

"मीच पेलो."

मी मावशीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती ओरडेल, त्याला मारेल, निदान आता तरी रडेल. मी याचसाठी आटापिटा केला होता, की तिला खरं कळावं, तिने एकदा मोकळं होऊन रडावं आणि सुटावं. मावशी उठली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला अजून सांगता येत नाही. ते दुःख नव्हतं. ती पाटापाशी आली, लाल घागर दोन्ही हातांनी उचलली, अंगणात नेऊन सगळं पाणी जमिनीवर ओतलं आणि रिकामी घागर आमच्या दारात उपडी घातली.

"जित्या मानसाची घागर भरत नसतात," ती म्हणाली. "माही लेक जिती होती. याने सोतानं सांगतलं."

तिने वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. ऊन रणरणत होतं, तरी ती तशीच चालत धनजला गेली. हिरव्या सायीचं वाटीतच पाणी झालं, ते पत्रावळीवर ओतून ती मी गाईपुढे टाकली.

मी खरं बाहेर काढलं याचं मला वाईट वाटत नाही. खरं ते खरं. पण त्याने तिची सुटका होईल असं मला वाटलं होतं, तिथे मी सपशेल फसले. तोवर मावशीच्या मनात कुठेतरी लेक गेल्याची खूणगाठ बसत चालली असणार. त्या दिवसानंतर ती गाठच सुटली. खडकाच्या सावलीत कुणी आलं असेल, तिकडची माणसं दयाळू असतात, कुणी उचलून नेलं असेल, पाणी पाजलं असेल, असं ती भेटेल त्याला सांगायची. पोहरादेवीच्या जत्रेत परमुलखातली माणसं येतात म्हणून दरवर्षी तिथे जाऊन लोकांना विचारायची. म्हातारी झाली, डोळ्यांना दिसेना, तरी आखजी जवळ आली की तिचा निरोप यायचा: माह्या लेकीची घागर भरू नोका. मरताना माझ्याकडून आणि स्वतःच्या मुलाकडूनही तिने हेच वदवून घेतलं.

दिराने दुसरं लग्न केलं नाही. सासूबाईंनीही पुन्हा विषय काढला नाही. तो शेतावरच राहिला. मी त्याला माफ केलं नाही, रोज दोन वेळा भाकरी मात्र पाठवली. त्याच्याशी काय बोलावं ते मला कधी कळलं नाही, आणि त्यालाही कुणी बोलावं असं वाटत नसावं. एका उन्हाळ्यात तो तिथेच, खोपीत, गेला.

आता आखजीला घागरी माझा मुलगा भरतो. आजोबांची, आजीची, काकाची. एकेकाचं नाव घेऊन पाणी सोडतो आणि काकाच्या घागरीवर खरबूज ठेवतो. तिच्या नावाचं पाणी आमच्याकडे कुणी सोडत नाही. तिच्या आईला तसा शब्द दिलेला आहे.